खिशात गोळ्यांचं पाकीट सापडल्यावर

बहुतेक वेळा ते आईच्याच हाती लागतं, धुणं भिजवायच्या आधी खिसे चाचपताना. चंदेरी पाकीट, औषधाचं नाव असलेली बाजू नेमकी फाडलेली, दहातल्या चार गोळ्या शिल्लक. नाहीतर कडक झालेला रुमाल आणि त्याला पंक्चरच्या सोल्यूशनचा वास. संभाजीनगरात नशेसाठी घेतल्या जाणाऱ्या या झोपेच्या गोळ्यांना पोरं ‘बटन’ म्हणतात. आईला तो शब्द ठाऊक नसतो. शेजारच्या नववीतल्या पोराला विचारा, तो मान खाली घालून हसतो.

पाकीट सापडल्यापासून ते घर आमच्या टेबलासमोर येऊन बसेपर्यंत कधी आठवडे, कधी अख्खं सत्र गेलेलं असतं. मधे काय काय झालं ते आम्ही पहिल्या भेटीत क्रमानं लिहून घेतो, आणि तो क्रम इतका सारखा असतो की अर्धा आता आम्हीच सांगू शकतो. आईनं बहिणीला फोन केला. बहिणीनं मामाला. मामानं वडिलांना गाठलं. वडिलांनी भावकीतल्या, पोलिसात असलेल्या कुणाला तरी ‘सहज’ विचारलं. मग एका रात्री पट्टा. मोबाईल काढून घेतला, आठ दिवसांनी अभ्यासासाठी परत दिला. या सगळ्यात पोराबद्दल घर पुष्कळ बोललं, पोराशी कुणी बोललं नाही.

आम्ही तालुक्याच्या ठिकाणी किशोरवयीन मुलांचं आणि त्यांच्या घरच्यांचं समुपदेशन करतो. येणारी बहुतेक मुलं 13 ते 18 मधली. पुढे लिहिलंय ते त्या वाया गेलेल्या मधल्या दिवसांत काय करता येतं त्याबद्दल, आणि त्यानंतरच्या साधारण सहा महिन्यांबद्दल.

पोरगं नशेत घरी आलं असेल तर त्या रात्री बोलायचं नाही. गोळ्यांच्या नशेत त्या वेळची आठवणच पुसली जाते, म्हणजे तुम्ही तासभर जीव तोडून बोललेलं सकाळी त्याच्यापाशी उरतच नाही. त्या रात्री फक्त जीव सांभाळायचा. हाक मारून, खांदा हलवूनही डोळे उघडत नसतील, श्वास संथ आणि अडखळत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा झटका आला असेल, तर एका कुशीवर वळवा, तोंडात लिंबू-दही-ताक काही घालू नका आणि 108 ला फोन लावा. पाकीट किंवा बाटली सोबत घ्या. काय घेतलंय ते डॉक्टरला त्यावरून कळतं, सोबत आलेल्या चार नातेवाइकांच्या गोंगाटातून नाही. गोळी आणि दारू एकत्र झाली असेल तर ‘झोपू द्या, सकाळी उतरेल’ असं म्हणून दिवा मालवू नका. दोन्ही मिळून श्वास मंदावतो.

सोल्यूशन किंवा थिनर हुंगताना पोरगं दिसलं तर त्याच्या मागे धावू नका आणि एकदम ओरडूही नका. त्या वाफेमुळं हृदय नाजूक झालेलं असतं. अशात घाबरून जोरात पळाला तर ठोके बिघडून जागच्या जागी दगावू शकतो, आणि हे पहिल्याच वेळी हुंगणाऱ्याच्या बाबतीतही होऊ शकतं. आवाज खाली ठेवून हवेशीर जागी बसवायचं. ही बारीक गोष्ट वाटेल, पण 2019 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणात हुंगायच्या पदार्थांचं प्रमाण 10 ते 17 वयोगटात 1.17 टक्के आणि मोठ्यांत 0.58 टक्के निघालं. पोरांचं प्रमाण मोठ्यांच्या वर गेलेला असा दुसरा पदार्थ सहसा सापडत नाही.

दुसऱ्या दिवशीही घाई नको. दोन दिवस आई-वडिलांनी आपसात बोलायचं आणि एक कागद लिहायचा. त्यात फक्त डोळ्यांनी दिसलेलं: कोणत्या तारखेला काय सापडलं, किती वाजता घरी आला, किती पैसे कमी निघाले, घरातल्या औषधाच्या डब्यातून काय गेलं. ‘बिघडलाय’, ‘वाया गेलाय’, ‘त्या अमक्याच्या नादी लागलाय’ हे शब्द त्या कागदावर येऊ द्यायचे नाहीत. लिहायला बसलं की गंमत अशी होते की ‘रोजच नशेत असतो’ म्हणणाऱ्या बापाला तीनच तारखा आठवतात, आणि ‘काहीच नाही हो’ म्हणणारी आई सात तारखा सांगते. औषधाच्या डब्याकडे याच दोन दिवसांत बघून घ्यायचं. आजोबांच्या झोपेच्या गोळ्या, आजीच्या दुखण्याच्या कडक गोळ्या, खोकल्याचं कोडीनवालं औषध, सगळं मोजून कुलपात. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम यांसारखी औषधं विकताना औषध दुकानदाराला डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत लिहावं लागतं. घरातल्या डब्याची मात्र कुणी वही ठेवत नाही.

कुणी बोलायचं तेही याच वेळी ठरवायचं. एकानंच. मराठवाड्यातल्या घरात पटकन पाच-सहा माणसं गोळा होतात, ओसरीवर गोल बसतात, मधे पोरगं उभं. त्याला ‘बैठक’ म्हणतात. अशा बैठकीतून पोरगं एकच गोष्ट शिकतं, कबूल कधी करायचं आणि काय कबूल करायचं. सगळ्यांत कमी रागावणारा माणूस निवडा. तो बाप असेलच असं नाही. बरेचदा मोठी बहीण असते, कधी चुलता. मामा फार वेळा बोलावला जातो आणि त्याचा उपयोगही होतो, पण बहिणीची बाजू घेऊन मेव्हण्याला चार शब्द सुनवायचा मोह त्यानं आवरला तरच.

जागा अशी हवी की एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागणार नाही. मोटारसायकलवर मागे-पुढे बसून, शेतात, गोठ्यात, धार काढताना. रात्रपाळीची लाईट असेल तेव्हा मोटर चालू करायला बाप-लेक सोबत जातात, तो वेळ आम्हाला फार आवडतो. अंधार असतो, हाताला काम असतं, तोंडाकडे कुणी बघत नाही. पंधरा मिनिटं पुरतात. बोलणं असं काहीतरी होतं:

‘परवा तुझ्या खिशात गोळ्या घावल्या. मला भ्याव वाटलं. मारत नाही, ओरडत नाही. काय हाय ते सांग. आज नाही सांगितलं तरी चालतंय.’

‘माझ्या नाहीत. एकानं ठेवायला दिल्त्या.’

सगळं पुढच्या वाक्यावर ठरतं. ‘खोटं बोलू नको’ म्हटलं की दार लागलं, आणि ते पुन्हा उघडायला आम्हाला चार-चार भेटी लागतात. ‘खोटं’ हे बापालाही ठाऊक आहे, पोरालाही. ते सिद्ध करून काही मिळत नाही. त्यापेक्षा ‘बरं. तुलाच कामून दिल्त्या आसतील?’ एवढं विचारायचं आणि गप्प राहायचं. गप्प राहणं सगळ्यांत अवघड जातं. आम्ही वडिलांना सांगतो, मोटर चालू झाल्यावर पाणी चारीच्या टोकाला पोचेपर्यंत तोंड उघडायचं नाही. त्या गप्पपणात पोरगं एक नाव सांगतं, नाहीतर एक जागा. पहिल्या खेपेला एवढंच पुरे.

शपथ घालू नका. आईच्या डोक्यावर हात ठेवून ‘पुन्हा घेणार नाही’ म्हणवून घेणं ही आपल्याकडची रीतच झालीये. त्या क्षणी पोरगं खरंच तसं म्हणत असतं. आठव्या दिवशी हात पुन्हा गेला की आता त्याला दोन गोष्टी लपवाव्या लागतात, गोळी आणि मोडलेली शपथ. पहिल्यापेक्षा दुसरी जड असते. ‘तुझ्यासाठी आम्ही काय नाही केलं’ हे वाक्यही त्यातलंच. ते खरं असतं, म्हणूनच त्यावर पोराला उत्तर नसतं आणि बोलणं तिथंच संपतं.

पोराच्या मागावर राहावं का, मोबाईल तपासावा का, हे प्रत्येक बाप विचारतो. 2000 साली स्टॅटिन आणि कर या दोन संशोधकांनी स्वीडनमधल्या 14 वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून दाखवलं की आई-वडिलांना मुलाबद्दल जे ठाऊक असतं त्यातलं बरंचसं मुलानं आपणहून सांगितलेलं असतं, पाळतीतून किंवा उलटतपासणीतून आलेलं त्यापेक्षा कमी. आमच्या टेबलावरही तेच दिसतं. फोनचं लॉक बदलतं, चॅट पुसलं जातं, दुसरं सिम येतं. पैशाचा हिशेब मात्र बघावा, तो उघडपणे, त्याच्यासमोर. लातूरला खोली करून नीटची, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करणाऱ्या पोराच्या फोनपेवर महिन्याची यादी काढली की मेस, झेरॉक्स, चहा यांच्या मधे एकाच नावाला दर दोन-तीन दिवसांनी गेलेले शंभर-दीडशे दिसतात. ती बरेचदा कॉन्ट्री, म्हणजे नशेची वर्गणी असते. पोरं नशा एकट्यानं विकत घेत नाहीत, कॉन्ट्री काढतात, आणि कॉन्ट्री न देणारा कट्ट्यावरून आपोआप बाहेर पडतो.

इथं संगतीचा विषय येतो. तो लोक समजतात तितका सोपा नाही.

‘संगत तोड’ हा सल्ला जवळपास कायम फसतो. कारण साधं आहे: ज्या पोरांना सोडायला सांगतो आहोत, त्यांच्याशिवाय त्या वेळेला त्याला उत्तर देणारं कुणी नसतं. रात्री अकराला मेसेज केला तर तेच बोलतात. शाळेत मार खाल्ला तेव्हा तेच सोबत होते. तुम्ही त्यांना शिव्या दिल्या की तो त्यांची बाजू घेतो, आणि बाजू घेताना जवळ जातो. त्यामुळं आधी मोठ्यांच्या तोंडातून त्या पोरांची नावं आदरानं यायला लागतात का ते आम्ही बघतो. ‘तो टपरीवरचा मवाली’ ऐवजी त्याचं नाव. आई त्याचं नाव घेऊन ‘तो जेवला का रे’ असं विचारू शकली, तर पुढचं बोलणं होतं.

मग पोराशी एकट्याशी बसून आम्ही एक नकाशा काढतो. कोरा कागद, मधे तो, भोवती मित्रांची नावं, टोपणनावंही चालतात. प्रत्येक नावापुढं तीन गोष्टी: कुठं भेटतो, किती वाजता, हातात काय असतं. अर्ध्या तासात चित्र उभं राहतं. जवळजवळ प्रत्येक नकाशात एक ‘भाऊ’ सापडतो, बाविशी-पंचविशीचा, मोठी गाडी, चौकात वाढदिवसाचा बॅनर. पहिली वेळ त्याच्याकडून फुकट झालेली असते. तो मित्र नाही, हे पोराला आपणहून दिसावं लागतं. कागदावर त्याच्या नावापुढं ‘पैसे’ हा शब्द तिसऱ्यांदा लिहिताना ते बरेचदा दिसतं. 18 वर्षांखालच्या मुलाला दारू, तंबाखू किंवा नशेचा पदार्थ देणं हा 2015 च्या बालन्याय कायद्याच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. पोराला गुन्हेगार करून नव्हे, त्या ‘भाऊ’कडे बोट दाखवायला हे कलम घरच्यांना माहीत असावं.

नकाशातली बाकीची पोरं तीन प्रकारची निघतात. काही फक्त नशेसाठीच भेटतात. काही क्रिकेटलाही येतात आणि कट्ट्यावरही. आणि एक-दोन अशी, जी कधीच घेत नाहीत पण सोडूनही गेलेली नाहीत. आम्ही पहिल्यांना तोडायला सांगत नाही, वेळ बदलायला सांगतो. दुसऱ्यांना मैदानावर भेटायचं, टपरीच्या मागं नाही. सगळा जोर तिसऱ्यांवर. तो एक मित्र आठवड्यातून दोनदा घरी जेवायला आला, सोबत अभ्यासाला बसला, एवढं जमवणं हे घरच्यांचं काम. हा मित्र जवळपास कायम आधीच नकाशात असतो, आणि घरच्यांनीही त्याला ‘त्याच टोळीतला’ म्हणून हाकललेलं असतं.

मित्रांसमोर नाही म्हणणं ही धैर्याची गोष्ट आहे असं भाषणात म्हणतात. प्रत्यक्षात त्याला एक बहाणा लागतो, इज्जत न जाता बाहेर पडायला. मित्र भोवती असले की या वयात जोखमीकडे हात आपोआप जातो. 2005 साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी गाडी चालवायच्या एका खेळावर हे तपासलं होतं, मित्र सोबत असताना किशोरवयीन मुलांनी जास्त धोके घेतले, मोठ्या माणसांत फारसा फरक पडला नाही. म्हणून पाठ करून घ्यायची वाक्यं आम्ही छोटी ठेवतो. ‘घरी लघवी तपासायचं किट आणलंय, शनिवारी टेस्ट हाय.’ ‘फिटची गोळी चालू हाय, डॉक्टरनं सांगितलंय.’ बाप कडक आहे असं दाखवून पोरगं सुटत असेल तर बापानं कडकपणाची बदनामी आनंदानं घ्यावी. शिवाय घराशी एक खुणेचं वाक्य ठरवायचं. ‘गाडी पंक्चर झालीये’ असा फोन आला की कुणीतरी निघायचं, वाटेत एकही प्रश्न विचारायचा नाही. प्रश्न दुसऱ्या दिवशी, चहानंतर. हा करार एकदा मोडला की पुढचा फोन येत नाही.

दवाखान्याचं म्हणाल तर तालुक्याला ग्रामीण रुग्णालयात बरेच ठिकाणी किशोरांसाठी मैत्री क्लिनिक असतं, जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग, आणि संभाजीनगरच्या घाटीत, अंबाजोगाई, लातूर, नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचाराची ओपीडी. जायला लाज वाटत असेल तर आधी फोन: व्यसनमुक्तीसाठी 14446, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस 14416, लहान मुलांसाठी 1098. दवाखान्यात पहिल्या भेटीत पोराला एकट्याला बसवतात. त्याआधी आई-वडिलांसमोरच सांगितलं जातं की तो जे सांगेल ते घरी कळणार नाही, जीवाला धोका असेल तेवढं सोडून. वडील इथं हटकून नाराज होतात. ‘मग आम्हाला काय कळणार?’ कळेल, पण त्याच्याच तोंडून, थोडं उशिरा.

मग एक छोटी चाळणी असते, सहा प्रश्नांची. नशेत असलेल्याच्या गाडीवर कधी बसलास का, हलकं वाटावं म्हणून किंवा चारचौघांत मिसळायला घेतोस का, एकटा असताना घेतोस का, घेतल्यावर काय केलं ते विसरतोस का, घरचे किंवा मित्र कमी कर म्हणतात का, नशेमुळं कधी अडचणीत आलास का. दोन किंवा जास्त ‘हो’ आले की नीट तपासणी. आम्हाला यातलं एकटेपणाचं उत्तर सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मित्रांत घेणारा मित्र बदलले की बदलतो, एकटा घेणारा झोपेसाठी, भीतीसाठी घेत असतो आणि त्याचं औषध वेगळं. परीक्षेच्या आधी झोप येत नाही म्हणून घेतलेली पहिली गोळी, हे त्यातलं नेहमीचं दार.

लघवीच्या तपासणीवर फार विसंबू नका. गांजा एखाद्या वेळी ओढलेला दोन-तीन दिवस सापडतो, रोज ओढणाऱ्याचा महिनाभरही. साध्या किटमध्ये झोपेच्या काही गोळ्या सापडतच नाहीत आणि सोल्यूशन तर नाहीच. ‘निगेटिव्ह’ आलं म्हणून पेढे वाटणारी घरं असतात. त्यामुळं किट आम्ही बहाण्यासाठी वापरतो, पुराव्यासाठी नाही.

बंद करताना जी चूक जीवावर बेतते ती झोपेच्या गोळ्यांची. रोज घेणाऱ्याच्या गोळ्या एका दिवसात तोडल्या तर झटके येऊ शकतात. घरी कोंडून ‘चार दिवस सोसेल’ असं म्हणून चालत नाही. डॉक्टर आठवड्या-दोन आठवड्यांनी थोडा थोडा डोस उतरवतात, त्या काळात गोळी पोराच्या हातात नाही, आईच्या हातून. गांजा सोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चिडचिड, झोप उडणं, जेवण कमी, आणि हे दोन आठवड्यांपर्यंत चालतं. कोडीनचं औषध सोडलं की जांभया, नाक वाहणं, अंगावर काटा, जुलाब. तालमीत किंवा जिममध्ये दम वाढवायला म्हणून मेफेन्टरमाईनचं इंजेक्शन घेणारी पोरं येतात, ते भूल देताना पडलेला रक्तदाब वर आणायचं औषध आहे आणि तालमीत त्याचं काहीच काम नाही. त्यांना आधी हृदयाची तपासणी. ही माहिती घरच्यांना आधीच दिली तर दहाव्या दिवशी पोरानं ताट भिरकावलं तेव्हा ‘बघा, सुधारत नाही’ असं ते म्हणत नाहीत. नाही दिली तर म्हणतात.

मोठ्यांच्या व्यसनमुक्ती केंद्रात पंधरा वर्षांच्या पोराला ठेवायला लोक उतावीळ असतात. करू नका. तिथं तो तीस-चाळीस वर्षांच्या माणसांकडून नवी नावं, नव्या जागा शिकून येतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात 18 खालच्या मुलाची भरती फक्त अपवाद म्हणून सांगितली आहे: पालकांचा अर्ज, दोन जणांची स्वतंत्र तपासणी आणि त्यांत एक तरी मानसोपचारतज्ज्ञ, मोठ्यांपासून वेगळी जागा, आणि पूर्ण मुक्काम सोबत घरचं माणूस. यातलं काही नसेल आणि ‘गाडी पाठवतो, उचलून नेतो’ असं कुणी म्हणत असेल, तर त्याला पैसे देऊ नका. अडनिड्या पोरांचा एकच गट करून त्यांना उपदेश करणंही उलटू शकतं, गटातला सगळ्यांत वांड मुलगा ज्यावर हसतो तेच बाकीचे शिकतात.

आता घराकडे. पोरगं सातव्या-आठव्या वर्षी टपरीवर पहिल्यांदा जातं ते कुणाच्या सांगण्यावरून, हे विचारलं की खोलीत शांतता पसरते. ‘जा रे, पुडी आण.’ महाराष्ट्रात गुटख्याला 2012 पासून बंदी आहे. चुन्याची डबी मात्र बापाच्या खिशात, मिसरी आजीच्या उशाशी. वडिलांनी तंबाखू सोडल्याशिवाय आम्ही पोराला घेणार नाही, असं आम्ही म्हणत नाही, कारण मग कुणीच येणार नाही. एवढंच सांगतो की पुडी आणायला पोराला पाठवायचं नाही आणि त्याच्यासमोर मळायची नाही. ज्या घरात बाप स्वतः ‘माझीपण सुटंना, मला ठाऊक हाय कसं वाटतं’ असं म्हणतो, तिथं काम निम्मं हलकं होतं. दारू पिणाऱ्या बापाचं वेगळं असतं. त्यानं आधी स्वतःसाठी यावं लागतं, आणि त्या घरात बोलणारा माणूस आम्ही दुसरा शोधतो.

मुलींचं घर आणखी गप्प असतं. सोयरिकीच्या भीतीनं आई एकटीच सांभाळते, बाप अंधारात. मुलगी दवाखान्यात येते तेव्हा पोटदुखी लिहिलेली असते.

दुसऱ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा वीस मिनिटं घरातल्यांनाच एकत्र बसायला सांगतो, रविवारी, जेवणाआधी. नियम एकच, आधी प्रत्येकानं या आठवड्यात दुसऱ्याचं काय बरं वाटलं ते सांगायचं, मग तक्रार, आणि तक्रार एकच. मराठवाड्यातल्या बापाला पोराचं कौतुक तोंडावर करायला फार जड जातं, शब्द घशात अडकतो, तो छताकडे बघत ‘यावेळी टायमाला आला’ एवढं म्हणतो. पोराला ते पुरतं. पैसे रोजचे, थोडे, हातात रोख. वेळेवर आला की शनिवारी मॅच बघायला जायची परवानगी. बक्षीस लहान आणि ताबडतोब असावं, ‘बारावीनंतर बुलेट’ असं नको. इतक्या लांबचं या वयात दिसत नाही.

घसरणं बहुतेकांचं एकदा तरी होतं, गणपतीत, उरसात, लग्नाच्या डीजेसमोर. त्यानं आपणहून सांगितलं तर शिक्षा नाही, त्याच रविवारी नकाशा परत काढायचा: कुठं, कोण, किती वाजता. लपवलं आणि सापडलं तर आधी ठरलेली शिक्षा, तेवढीच, रागाच्या भरात वाढवलेली नाही. या फरकानं पुढच्या वेळी सांगायचं की लपवायचं ते ठरतं. शाळेला कळवायचं का, हे पोराला विचारून. एका शिक्षकाला, ज्याच्याशी तो बोलतो त्याला. सगळ्या स्टाफरूमला कळलं की टीसी हातात येतो आणि दिवस रिकामा झाला की कट्टा भरतो.

बीड, धारूर, पाटोदा, केजकडच्या घरांसाठी हे वेळापत्रक जसंच्या तसं चालत नाही. दिवाळी झाली की आई-बाप कोयता घेऊन ऊस तोडायला कारखान्याच्या फडावर जातात, पोरगं आजीपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात. त्या पाच-सहा महिन्यांत बोलणार कोण हा प्रश्न आजीवर सोडून चालत नाही, आजी खाऊ घालते, हिशेब घेत नाही. म्हणून निघण्याआधी आम्ही तीन गोष्टी ठरवून घेतो. रात्री नऊला फोन, फडावर रेंज असो नसो, आधी आईनं तिच्या दिवसाचं सांगायचं आणि मग त्याला विचारायचं. पैसे आजीच्या हातात, त्याच्या फोनवर नाही. आणि गावात एक माणूस, बहुतेक वेळा चुलती किंवा दुकानदार, ज्याच्याकडे तो दिवसातून एकदा चेहरा दाखवून जाईल. उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते, त्यामुळं मधे कुणी परत येऊ शकत नाही. आजारी पडला तरी नाही. म्हणून गोळ्या उतरवायचं काम अशा पोराचं आम्ही शक्यतो दिवाळीआधी संपवतो, संपत नसेल तर आजीला डोसाची वही चित्रांनी काढून देतो, सूर्य म्हणजे सकाळ, चंद्र म्हणजे रात्र. आणि आई-बापासोबतच्या पुढच्या भेटीची तारीख गुढीपाडव्यानंतरची लिहितो, कारण तोवर कोयता परत आलेला असतो.